तिसरा पुकारा

“घाबरून दिलेलं बरोबर उत्तर मी धरत नाही,” मेस्त आत कुणाला तरी सांगत होते. मी दारातच थांबले. मुंबईहून पुण्याला येऊन मला फार दिवस झाले नव्हते, आणि न घाबरता उत्तर देणं मला जमतच नसे.

आमचं प्रार्थनाघर, आमची इगर्जी, म्हणजे पेशव्यांच्या तोपखान्यातल्या ख्रिस्ती गोलंदाजांनी उभारलेल्या मातीच्या भिंती आणि वर कौलं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, पाद्री करत. आम्हा वाढत्या मुलामुलींना धर्म शिकवायला गोव्याहून आलेले हे मेस्त. तोफांचा सराव सुरू झाला की ते दचकून भिंत धरत आणि पोरं हसत. “हसा,” ते म्हणत. “भीती माझ्या हाडांत आहे. जिभेवर येऊ देत नाही, एवढंच.” मेस्त आता नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना ते भित्रे वाटतील, आणि ते होतेच.

माझी आई लवकर गेली. वडील इकडे चाकरीत, म्हणून मी मुंबईत एका इंग्रज मडमेकडे वाढले, तिच्याच भाषेत शिकले. पुण्यात मुलं मला साहेबीण म्हणू लागली. “साहेबीण तर साहेबीण,” मेस्त म्हणाले. “देवाला कुठलीही भाषा चालते. मला मात्र गप्प बसलेल्याचं काही कळत नाही.”

मग एका रविवारी क्लाराच्या लग्नाचा पहिला पुकारा झाला. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं इगर्जीत पुकारतात आणि कुणाला हरकत माहीत आहे का, असं विचारतात. क्लारा आमच्याच वर्गातली, पंधरा वर्षांची. वर होता तोपखान्याचा जमादार. माझे वडील त्याच्याच हाताखाली. त्याला पाहिलं आणि मी ओळखलं. मडमेकडे शिवणकाम करणाऱ्या आनाबायचा हा नवरा. अंगणात तिच्याशी भांडताना मी त्याला पाहिलं होतं. आनाबाय जिवंत होती, आणि आमच्यात एक बायको जिवंत असताना दुसरं लग्न होत नाही. पुण्याला निघताना मला पनवेलच्या मचव्यात बसवून द्यायला तीच आली होती. जमादाराने मला ओळखलं नाही. त्या भांडणाच्या वेळी मी लहान होते.

वर्गात मी मान खाली घालून विचारलं, “पाद्रींनी मान्य केलेलं लग्न खोटं असू शकतं का?”

“पाद्री म्हणाले की झालं,” शेजारचा आंतू म्हणाला. “ख्रिस्तसभेपुढे आपण कोण?”

माझा रोख कुणाकडे आहे हे कळून मेस्तांचा चेहरा उतरला. इगर्जीला सागवान जमादारानेच दिलं होतं. “ख्रिस्तसभेचं ऐकायचंच,” ते सावकाश म्हणाले. “पण तीन-तीनदा पुकारा करायचा नियम कुणाचा? तिचाच. पाद्रीला सगळं ठाऊक नसतं हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती विचारते. तिने विचारलं आणि आपण गप्प राहिलो, तर आज्ञा कुणी मोडली?”

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. “बाय, तू मला सांगितलंस तर मी पाद्रींकडे जाईन. ते म्हणतील, मेस्त, आपण पाहिलंत? मग मी काय सांगू?” मग ते हळूच म्हणाले, “मला भीती वाटते. तुलाही वाटणार. वाटू दे.”

दुसरा पुकारा झाला. मी उठले नाही.

तिसऱ्या रविवारीही पुकारा नेहमीप्रमाणे मेस्तांनीच वाचला. एरवी हरकत विचारून ते लगेच पुढे जात. त्या दिवशी थांबले. इतके थांबले की माणसं एकमेकांकडे पाहू लागली. क्लाराने पदर पार तोंडावर ओढला होता.

“मेस्त, घशात काटा अडकला काय?” जमादार पुढून म्हणाला.

मेस्तांनी एका हाताने भिंत धरली. “विचारलंय, जमादार,” ते म्हणाले. “विचारलं की थांबावं लागतं.”

मी उठतेय हे पाहून पुरुषांच्या बाजूने वडील मानेनेच नको म्हणाले. जमादार वळला. त्याची नजर माझ्यावर आली आणि तिथेच राहिली.

“यांची बायको मुंबईत आहे,” मी म्हणाले. “जिवंत आहे. तिचं नाव आना.”