न जाळलेली मारबत

मारबत कोणी घरात ठेवते का? तुम्हीच सांगा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कामट्या-कागदाची ही बाई मिरवायची, "रोगराई घेऊन जाय गे मारबत" म्हणून ओरडायचं अन् शेवटी जाळून टाकायची. आमच्या हुडकेश्वरच्या घरात मात्र दिवाळी आली तरी ती उभी.

हा सगळा प्रताप देवाजीचा, माझ्या धाकट्या दिराचा. जन्मभर मारबती बांधल्या, पण माणूस भोळा सांब. यंदा नाटकं बसवणारी दीप्ती नावाची पोरगी त्याच्याकडं आली. कविता गाऊन करायचं नव्या तऱ्हेचं नाटक, ऑपेरा म्हणे. सावनेरकडं कोळशाच्या खाणीनं काय काय गिळलं, त्याचं. मधोमध देवाजीनं बांधलेली मारबत, कोळशाच्या भुकटीनं काळी केलेली. आटलेल्या विहिरींची नावं देवाजीनंच घ्यायची, गाव त्याचं ना! प्रत्येक नावावर लोकांनी ओरडायचं, अन् खेळ संपला की अंगणात जाळायची.

"अवं पोरी, आटून गेलेलं पाणी आणखी काहून न्यायले सांगतं?" मी म्हटलं.

"काकू, दुःख ने म्हणतोय आपण," ती म्हणाली.

खेळाले हॉल गच्च भरला. गावात फिरावं तसा देवाजी एकेक विहीर घेत चालला. पाटलाची विहीर. "घेऊन जाय गे मारबत!" चिंचेखालची विहीर. "घेऊन जाय गे मारबत!" लोक पेटले, हाही पेटला. अन् त्या भरात बोलून गेला, "पारूची विहीर!"

पारू म्हणजे पार्वतीबाई, त्याची बहीण. त्या शिवारात तिच्याच विहिरीले तेवढं पाणी होतं. तिची संत्र्याची बाग त्यावरच. लोकांले काय माहीत? सारा हॉल ओरडला, "घेऊन जाय गे मारबत!"

देवाजी पांढराफटक. जाळायची वेळ आली तर मारबतीले मिठी मारून बसला. "जाळली की नेते ती! मी जाळू देणार नाही!" दीप्ती समजावून थकली. शेवटी मारबत टेम्पोत घालून घरी आणली.

तेव्हापासून शेजारणी आमचं दार टाळतात. मी रोज तोंड सोडते, "काय करून राहिला गा? घराचं वाटोळं करशील!" त्याचा मात्र रोज बहिणीले फोन, "पारू, पाणी किती आहे वं?"

काल तिचाच फोन आला. "भाऊ, विहीर आटली गा. खाण बांधापाशी आली. आता जाळून टाक तिले, मोकळा हो."

वाईट वाटलं, पण सुटलो एकदाचे म्हणून मी काडीपेटी त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिडकीतून भिरकावली.

"वहिनी, पाणी आता हिच्यापाशी आहे. हिले जाळलं तर मागायचं कोणाले?"