कानडे ‘खाली’ म्हणत नसत

मैथिलीचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होतो. ‘ठोसरकाका, बाबा गेले... मतलब, आज उठलेच नाहीत.’ अशा वेळी माणसाला रडू यायला हवं. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की आता त्या हिरव्या वहीचं काय होणार? माझी सगळी नोकरी विम्याचे दावे तपासण्यात गेली. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एखाद्या गोदामाला आग लागली की लोक आधी जळालेला माल बघायचे, मी आधी कुलूप बघायचो. जित्याची खोड. आदर्श नगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी आत शिरल्यावर नजर कपाटाकडेच गेली.

कानडे मूळचे साताऱ्याकडचे, इथे हिंदी मुलखात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी अकोल्याचा. आमची ओळख झाली ती वाळवीमुळे. लाकडाच्या एका वखारीचा दावा होता. मालकाचं म्हणणं, सगळा साग वाळवीनं खाल्ला. कुणीतरी कानड्यांचं नाव सुचवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फळी नाकाशी धरली आणि म्हणाले, ‘अहो ठोसर, वाळवी इतकी शिस्तीची नसते. ही भोकं गिरमिटाची आहेत.’ त्या दिवसापासून हा माणूस मला आपला वाटला. पुढे दर रविवारी मी त्यांच्याकडे जात राहिलो. बायको लवकर गेलेली, मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. मैथिली मराठी बोलायची, पण देवनागरी कागदावर आली की तिचं डोकं हिंदीतच वाचायचं. एकदा दिवाळी अंकात ‘चोराला शिक्षा झाली’ असं वाचून तिनं विचारलं होतं, चोराला शाळेत कशाला घातलं? आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तेव्हा हसलो, एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

निवृत्तीनंतर कानड्यांनी एक सर्वेक्षणाचं काम घेतलं. उदयपूरच्या पुढे, भिल्लांच्या एका गावाभोवतीच्या डोंगरांवर प्लायवूडच्या एका कंपनीला सफेदा लावायचा होता. आपण ज्याला निलगिरी म्हणतो तो. जमीन ओसाड आहे की नाही, एवढं कुणा जाणकारानं लिहून द्यायचं होतं. मी विचारलं, ‘मे महिन्यातच का नेतायत तुम्हाला?’ उन्हाळ्यात ते जंगल पान गाळून उभं असतं, फोटो काढला तर काटक्यांचं रान दिसतं, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. कानडे हसले. ‘अहो, पान नसलं तरी मला झाड ओळखता येतं. सालीवरून ओळखीन.’ दहा दिवस राहून आले ते काळेठिक्कर पडून, पण खुशीत होते. हिरव्या वहीत त्यांनी झाडंच नाही, तर कुठला मोह कुठल्या घराचा आहे तेसुद्धा लिहून आणलं होतं. त्या गावात म्हणे मोहाची फुलं वेचायची वाटणी आज्या-पणज्यांपासून ठरलेली आहे. मैथिली तेव्हा घरीच होती, तिनं त्या नोंदी हिंदीत टाइप करून दिल्या. कानड्यांनी वाचलं, सही केली. मी मात्र त्यांना घरी सोडायला आलेली कंपनीची गाडी तेवढी लक्षात ठेवली.

वर्षभरानं त्या गावचा थावरा त्यांच्याकडे आला. मी तिथेच बसलो होतो. साठीचा माणूस, डोक्याला पांढरं मुंडासं, हातातली पिशवी त्यानं शेवटपर्यंत मांडीवरून उतरवली नाही. म्हणाला, दोन उतार साफ झाले. मोह मुळापासून उपटले, ओळीनं सफेदा लावला. ‘साब, आपने तो गिने थे. नाम पूछ-पूछके लिखे थे. फिर कागज में खाली कैसे हो गया?’ कानड्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठून आत गेले आणि थावरा जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. मग मी विचारलं, ‘सही तुमची?’ ‘माझी.’ ‘वाचून केलीत?’ ‘वाचून.’ आणि त्यांनी हिरवी वही कपाटात ठेवून दिली.

मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. गिरमिटाची भोकं ओळखणारा माणूस विकला गेला, असं मी धरून चाललो. तोंडावर बोललो नाही, पण रविवार चुकवू लागलो. गेलो तरी त्यांच्या घरात नवीन काय आलंय ते बघायचो. नवीन काही येत नव्हतं, तरी माझा संशय काही हटला नाही. एक चमत्कारिक सवय मात्र त्यांना याच सुमारास लागली. ‘खाली’ हा शब्द त्यांच्या बोलण्यातून गेला. ‘पायथ्याला गाडी उभी आहे’, ‘पेपर टेबलाच्या तळाशी पडलाय’, असं बोलायचे. मी चेष्टा करायचो, ‘कानडे, जिना आहे हो हा, रायगड नाही.’ ते हसायचे नाहीत. ऐकून ऐकून मैथिलीही ‘तळाशी’च म्हणू लागली.

दिवस-वार झाल्यावर आठवडाभरानं थावरा पुन्हा आला. वय झालं होतं, पिशवी तीच असावी. हात जोडून फोटोसमोर बसला, मग म्हणाला, तिसऱ्या उताराची पाळी आली आहे, तोच जुना कागद दाखवतायत, गावानं हरकत घेतली आहे. ‘साब की कॉपी मिल जाए तो... उसमें हमारे महुए लिखे हैं.’ मैथिलीनं कपाटातून वही काढली. मी इतकी वर्षं जिच्यावर डोळा ठेवून होतो ती वही तिनं सहज माझ्यासमोर उघडली आणि वडिलांचं अक्षर बोटानं वाचू लागली. ‘तिसरा उतार. वर मुरूम, दगड. खाली... सालई, धावडा, टेंभुर्णी, मोह सतरा, दाट.’ ती थांबली. ‘काका, हे समजलं नाही. खाली होतं, तर मग ही झाडं कुठली?’

मी वही माझ्याकडे ओढली. खाली. डोंगराच्या खालच्या अंगाला. हिंदीत वाचलं की रिकामं. टाइप करताना तिनं ‘ऊपर मुरम-पत्थर, खाली’ एवढंच जमिनीच्या रकान्यात घेतलं असणार, आणि झाडांची नावं, कंपनीच्या नमुन्यात ठरलं होतं तसं, शेवटच्या परिशिष्टात. कानड्यांनी तपासताना आपलंच वाक्य आपल्या भाषेत वाचलं, त्यांना ते बरोबरच दिसलं. आयुष्यभर इथल्या ऑटोवाल्यांना ‘खाली है क्या?’ विचारणाऱ्या माणसाला कळू नये? नसेल कळलं. स्वतःचं अक्षर माणूस स्वतःच्याच बोलीत वाचतो. पण परिशिष्ट? थावराच्या पिशवीतून निघालेल्या कंपनीच्या छापील अहवालात ते पान नाही, आणि पान गळायला काही ते झाड नव्हे. कंपनीची माणसं डोंगर डोळ्यांनी बघून आली होती. शब्द आमच्याकडून चुकला, पान त्यांनी काढलं, यावर मी आजही ठाम आहे.

वहीच्या मागच्या खिशात कंपनीला लिहिलेल्या पत्रांच्या तीन प्रती होत्या. ‘शब्दाची चूक माझी आहे, टंकनही माझेच आहे.’ कानड्यांना टाइप करता येत नव्हतं. पोचपावती एकाही पत्राला नव्हती. ती पाठवली की नुसती लिहून ठेवली, हे मला माहीत नाही. पाठवली असतील असं म्हणावंसं वाटतं. पण तपासनीस म्हणून तसं लिहून देणार नाही. एवढं खरं, की मुलीचं नाव येऊ नये म्हणून त्यांनी माझ्यासारख्याचा संशय निमूटपणे अंगावर घेतला, आणि मी तो वर्षानुवर्षं घेऊ दिला. याचं मला फार वाईट वाटतं.

आता वही नुसती देऊन भागणार नव्हतं. ती मराठी होती, तिचं हिंदी करायला हवं होतं, आणि ते करताना मैथिलीला सगळं कळणार होतं. मी थावराकडे पाहिलं. तो फोटोकडे बघत होता. मग मी तिला सांगितलं. तिनं ती ओळ पुन्हा बोटानं वाचली. शेवटी म्हणाली, ‘मतलब मी.’ मी म्हटलं, ‘तू एक शब्द. पान तू नाही काढलंस.’ तिनं लॅपटॉप ओढला. मी अर्थ सांगत गेलो, ती टाइप करत गेली. त्या रकान्यात तिनं ‘नीचे’ लिहिलं, आणि त्याच ओळीत, पुढेच, सगळी झाडं. मोह मोजताना थावरानं मान डोलवून एकेका घराचं नाव म्हटलं. सतरा भरले. तिसरा उतार वाचेल का, ठाऊक नाही. वही घेऊन तो गेला, आमच्याकडे तिचे फोटो आहेत.

मी निघालो तेव्हा जिन्यात अंधारून आलं होतं. वरून मैथिलीचा आवाज आला, ‘काका, चपला तळाशी ठेवल्यात.’ मी तीन-चार पायऱ्या उतरलो असेन. ती अजून कठड्याशीच उभी होती.

‘खाली ठेवल्यात,’ ती म्हणाली.

मी खाली आलो.