सातवा हात

१७ एप्रिल २०२३, सोमवार. ऊन कडक. बाज्याच्या डोक्याचे टाके अजून ओले. आमचे सहा सदस्य सापुताऱ्याच्या हॉटेलात, उद्या थेट सभेला येतील. मी गेले नाही. कोंडून ठेवायला मी शेळी नाही.

हे लिहिणाऱ्या नूतनबेन तापीकाठच्या गावात ग्रामपंचायतीच्या सदस्य. सरपंच चुडामणला सदस्यांनीच खुर्चीवर बसवलं होतं, उतरवायचं तर सदस्यांनीच. नऊ जणांत अविश्वास ठरावाला सात हात हवेत. सातवा नूतनबेनचा. चुडामणनं सगळं पाणी आपल्याच गल्लीकडे वळवलं होतं. पंचायतीचे नळ सोडणाऱ्या बाज्यानं व्हॉल्व्ह बाकीच्या गावाकडे फिरवला, तर चुडामणनं भर चौकात लोखंडी पान्ह्यानं त्याचं डोकं फोडलं.

मंगळवारी सकाळी केळीच्या मळ्याजवळ चुडामणचा पुतण्या नवनीत दोघांना घेऊन आडवा आला.

"काकी, घर जाय. मीटिंगमा तुन्हं काय काम शे?"

"बाज्याले मारं ना तुम्हीन, तेच काम शे. सरक."

"हात वर करशीन?" तो हसला. "उजवा धरा रे तिना!"

दोघांनी तोंडात पदर कोंबला, हात हौदाच्या कठड्यावर दाबला. नवनीतनं सागाचं दांडकं घातलं. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. त्यानं पुन्हा घातलं.

"आते कर वर!" असं म्हणून तिघं निघून गेले.

नूतनबेन ओकल्या. मग पदराची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि दवाखान्याकडे न वळता पंचायतीत गेल्या. सहाजण जीपमधून उतरतच होते. रक्ताळलेला पदर बघून चुडामण मिशीत हसला.

तहसीलदार म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे हात वर करा."

सहा वर गेले. नूतनबेननी डावा वर केला.

चुडामण ताडकन उठला. "साहेब, डावा हात! आमच्यात डाव्या हातानं कुणाला पाणीबी देत नाहीत!"

"तू तर उजव्यानंही दिलं नाहीस," नूतनबेन म्हणाल्या.

तहसीलदारांनी सात मोजले. चुडामणनं खुर्ची उचलून ठरावाला हात वर केलेल्या शेजारच्या सुकलालच्या तोंडावर हाणली, त्याचे दात टेबलावर पडले. पोलिसांनी चुडामणला फरफटत बाहेर नेलं. तोवर नवनीतबरोबरची पोरं नूतनबेनच्या घरावर दगड मारून पळाली होती.

हाताला प्लास्टर घालून त्या घरी आल्या. संध्याकाळी सून मयूरीनं वही धरली, त्यांनी डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहिलं: ओट्यावरचा माठ फुटला. पिण्याचे पाणी पितळी कळशीत भरले.