डॉक्टरांनी मला विचारलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. चौथीपर्यंतच शिकले, लिहायचा सराव नाही — पण तोंडानं बोलायची त्याहून भीती वाटते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, दोन घास खाल्ले की छाती धरून बसायच्या. दम लागायचा, घास वर यायचा. मला वाटायचं, सोंग आहे. लेकीकडे पैठणला गेल्या की जेवतात म्हणे! मग माझ्याच भाकरीनं कसा दम लागतो? तिथं नणंद त्यांना पातळ पेज घोट घोट पाजायची, हे मागाहून कळलं — तेव्हा मी कधी विचारलंच नाही.

शेवटी शहरात दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. महिन्याभरानं कोरड्या ओकाऱ्या आणि छातीत कळा सुरू झाल्या. मोठ्या दवाखान्यात फोटो काढला तर जठर पोटातून वर सरकून छातीत जाऊन बसलेलं, त्याला पीळ पडलेला. अंगात रक्तही फार कमी. वर अडकलेल्या जठराला आतून जखमा होतात, त्यातून रक्त झिरपत राहतं आणि संडासवाटे काळं होऊन जातं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तातडीनं ऑपरेशन झालं. वाचल्या.

नणंद अजून म्हणते, "त्या पहिल्या डॉक्टरला डोळे हायेत का बटणं, वो वहिनी?" मी मान हलवते.

त्या पहिल्या डॉक्टरांनी विचारलं होतं. आत्याबाईंना कमी ऐकू येतं म्हणून मलाच विचारलं — संडास काळी होते का? होत असेल तर दुर्बिणीनं आत बघू.

आत्याबाईंचं संडासचं भांडं मीच धुते. डांबरासारखं काळं मी आठ दिवस बघत होते. चोरून मिश्री लावून गिळत असतील, असा माझा संशय. मग तसंच सांगायचं ना?

"नाही," म्हणाले मी. वर म्हणाले, "लेकीकडं चांगलं जेवत्यात."

का? — ही बाई सोंग करते, हे मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढंच.

आता आल्यागेल्याला आत्याबाई सांगतात, "माझ्या सुनेनं वाचवलं मला." सांगताना पाहुण्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. त्या दिवशी त्यांना ऐकू आलं होतं का?

मी उठून आत जात नाही. बसून ऐकून घेते.