रिकाम्या खुर्चीला वर्दी

देवासला तेव्हा एकाच गावात दोन राज्ये होती. रस्त्याच्या या अंगाला धाकटी पाती, त्या अंगाला थोरली. पलीकडच्या दुकानातून हळद आणणारा माणूस रीतसर परराज्यात जाऊन येत असे. या रस्त्याला लागून धाकट्या पातीच्या हद्दीत सरदार जगदेवरावांची कोठी होती, आणि कोठीच्या फाटकावर मानाजी चोपदार.

मानाजीचे काम आवाजाचे. आलेल्याला फाटकाशी थांबवायचे, ओसरीपर्यंत जाऊन खुर्चीतल्या सरदारांना ‘अमके हजर आहेत’ अशी वर्दी द्यायची, सरदारांनी मान हलवली की माणसाला आत सोडायचे. वडिलांनीही आयुष्यभर हेच केले होते. मानाजी अंगाने किरकोळ, पण घरी नुसते ‘वाढ’ म्हणाला तरी शेजारचे उठून उभे राहतात, असे त्याची बायको बकुळा सांगे.

१९०८च्या उन्हाळ्यात जगदेवराव निपुत्रिक वारले. कोठी दरबाराकडे गेली आणि दरबाराने तिची बाग आमलोकांना खुली केली. देखरेखीला दत्तोपंत नावाचे कारकून आले. माळी राहिले, बाकी नोकरांना निरोप मिळाला.

“दार सगळ्यांना उघडं झालं,” दत्तोपंत मानाजीला म्हणाले. “उघड्या दाराला चोपदार कशाला?”

“आणि फाटकाजवळची आमची खोली?”

“दसऱ्यापर्यंत राहा. तेव्हा दिवाणसाहेब बघायला येतील. लोक फिरकत नसले तर बाग गवतासाठी मक्त्याने द्यायची, असं ठरलंय. मग खोलीही मक्तेदाराची.”

मानाजीला दुसरे घर नव्हते. तेव्हा लोक येणे ही आता त्याची गरज होती, आणि लोक येत नव्हते. फाटकापर्यंत येत, जोडे काढत, रिकाम्या ओसरीला मुजरा करत आणि जोडे घालून परत जात. दत्तोपंतांनी ‘आत यावे’ अशी पाटी लावली. लोकांनी पाटीलाही हात जोडले. वर्दी दिल्याशिवाय कोठीत पाऊल टाकायचे नसते, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पाटीला त्यात काय कळणार?

एका संध्याकाळी उमाशंकर हलवाई असाच बाहेर घुटमळत होता. मानाजी त्याला म्हणाला, “थांब.” सरळ ओसरीवर गेला. सरदारांची खुर्ची तिथेच होती. ती कुठल्या कोठारात जमा करायची याचा निर्णय व्हायचा होता. मानाजी खुर्चीपुढे लवला. “उमाशंकर मिठाईवाले हजर आहेत.” थोडा थांबला आणि परत आला.

“बोलावलंय.”

“पर बुलाया किसने, भिया?”

“आत जायचंय की चौकशी करायचीय?”

उमाशंकर आत गेला, कारंज्याशी बसला आणि दुसऱ्या दिवशी भावांना घेऊन आला. मग रीघ लागली. मानाजीही रंगात आला. वर्दीत उमाशंकर जिलेबीचे जहागीरदार झाले. भाजी विकणाऱ्या सगुणाबाईंना वांग्यांची वतनदारी मिळाली. त्या एकदा आत जाऊन आल्या आणि लगेच पुन्हा फाटकाशी उभ्या राहिल्या.

“आता काय राहिलं?” मानाजीने विचारले.

“मगाशी शेजारीण नव्हती ऐकायला.”

थोरल्या पातीचे लोक येऊ लागले तेव्हा पंचाईत झाली. ते परराज्याचे पाहुणे, म्हणून मानाजी त्यांची वर्दी लांबलचक देई आणि खुर्चीपुढे जास्त लवे. धाकट्या पातीच्या शाळेतले गणपतराव मास्तर यावरून चिडले.

“बाग आमच्या राज्याची. आम्हाला एक ओळ, त्यांना चार?”

“पाहुण्याचा मान असतो, मास्तर.”

मास्तर फाटकातून मागे फिरले. रस्ता ओलांडला, समोरच्या पिंपळाखाली क्षणभर उभे राहिले, छत्री मिटली आणि परत आले.

मानाजीने त्यांना नीट न्याहाळले. “कुठून येणं झालं?”

“थोरल्या पातीतून,” मास्तर म्हणाले.

त्यांना चार ओळी मिळाल्या. तेव्हापासून निम्मी धाकटी पाती आपल्याच बागेत यायला आधी परराज्यात जाऊ लागली. संध्याकाळी बैलगाड्यांना वाट मिळेना. गाडीवानांच्या तक्रारींनी दत्तोपंत वैतागले. दिवाणांच्या पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मानाजीला बोलावले.

“उद्या तोंडातून एक शब्द काढलास, तर खोली गेली समज.”

मानाजीने घरी येऊन बकुळेला सांगितले, “बोललो तर पंत घालवतात. नाही बोललो तर लोक आत जात नाहीत, मग मक्तेदार घालवतो.”

“पंतांचं ऐका,” बकुळा म्हणाली. “अगदी सांगितलंय तसंच करा. कुणीही आलं तरी.”

दिवाणांची बग्गी आली तेव्हा फाटकाबाहेर ही गर्दी आणि आत फक्त माळी. मानाजी फाटकाला खिळल्यासारखा गप्प. दिवाण उतरले, फाटकापर्यंत आले आणि थांबले. जन्म दरबारात गेलेला माणूस. वर्दीशिवाय कुणाच्या दारात शिरणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

“यावं साहेब,” दत्तोपंत म्हणाले.

दिवाणांनी मान हलवली. पाय हलला नाही. ऊन मी म्हणत होते. दत्तोपंत मानाजीच्या कानाशी लागले.

“बोल.”

“मनाई आहे, पंत.”

“मीच सांगतोय, बोल.”

“खोली?”

“राहील.”

“दसऱ्यानंतर?”

“राहील म्हटलं ना.”

“मक्ता झाला तर?”

“मरेपर्यंत राहा, बाबा. साहेबांच्या फेट्यातून घाम गळतोय.”

मानाजीने अशी वर्दी दिली की थोरल्या पातीतली कबुतरे उडाली. दिवाण आत गेले आणि समोर होती त्या एकुलत्या खुर्चीत बसले. तिथे त्यांचे चुकले. मानाजी फाटकाकडे गेला आणि उमाशंकरची वर्दी घेऊन आला. दिवाणांना मान हलवावी लागली. मग सगुणाबाई. मग मास्तर, पलीकडून. वर्दी चालू असताना खुर्चीतून उठणे हा येणाऱ्याचा अपमान, आणि वर्दी काही थांबत नव्हती. दिवाण माना हलवत राहिले, बाग भरत राहिली.

“पंत,” शेवटी दिवाण हळूच म्हणाले, “बाग मक्त्याने द्यायची गरज नाही. मला तेवढं उठवा.”

दत्तोपंतांनी मानाजीला हाताने खूण केली, पुरे. मानाजी जवळ येऊन अदबीने लवला.

“अजून थोरली पाती बाकी आहे.”

मानाजी त्या खोलीत बकुळेसह शेवटपर्यंत राहिला. त्याच्या मागे चोपदार नेमला गेला नाही. लोक हवे तेव्हा येत, हवे तिथे बसत. म्हातारा उमाशंकर मात्र बागेत जाणे सोडून बसला होता. कुणी कारण विचारले की तोंड वाकडे करी.

“क्या जाएँ, भिया. अब तो कोई भी घुस आता है.”