चुलत्यांच्या श्रद्धांजलीत माझ्या मेंढ्या

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

दहिवडीच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात मेंढ्यांच्या लसीच्या नोंदी आपोआप टाइप करणारा प्रोग्राम मी बनवलाय. स्क्रीनवर जे उघडं असेल, त्यात तो टाइप करत, एंटर मारत सुटतो. म्हणून 'कीबोर्डला हात लावू नका' अशी चिठ्ठी चिकटवून, तो चालू ठेवून चहाला गेलो.

येऊन बघतो तर शिपाईमामांनी त्याच कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलेलं! त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर, चुलते वारल्याच्या बातमीखाली, एकामागून एक मेसेज चाललेले: "मेंढी, काळी, गाभण, लस दिली."

"मामा, चिठ्ठी वाचली न्हाई व्हय?"

"वाचली की! कीबोर्डला कुटं हात लावला? निस्ता माऊस घेतला."

आणि भावकीनं प्रत्येक मेंढीखाली हात जोडलेत!

आता सांगा, चुलत्यांचं नाव तरी कुणी वाचलं असेल का?