पेंढा चाचपणारे मामा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की उठून जायचो.

सडकेवर पेंढा पसरलेला दिसला की मामा लॉरी थांबवत. चपला काढून खाली उतरत आणि अनवाणी पायांनी पेंढा चाचपत पार पलीकडे जात. मग हात हलवून म्हणत, "मोकळं हाय!"

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि बोर्ली पंचतनच्या सडकेला नुकतंच डांबर लागलं होतं. दसरा झाला की गावकरी भाताचे भारे त्यावर पसरत. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांनी मळणी करायची, बैलांना सुट्टी. तुमच्यापैकी कुणी पाहिलंही असेल. राखणीला बसलेलं माणूस कधी उन्हानं पेंगुळून त्याच पेंढ्यात अंग टाकी. मामांना धास्ती त्याची.

मामा भातगिरणीच्या लॉरीचे ड्रायव्हर, सगळ्यांचेच मामा; मी गिरणीचा दिवाणजी, त्यांच्या शेजारी बसणारा. "मामा, कोंबडीची अंडी शोधता काय?" मी टोचायचो.

"अंडं फुटलं तर चालंल, दिवाणजी. मानूस न्हाय."

त्या दुपारी खाडीत पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, आमच्या तांदळासाठी खोळंबला होता; भरतीलाच तो निघणार. भरती चुकली की शेठच्या शिव्या मला. मामा मात्र प्रत्येक पेंढ्यापाशी उतरत होते. शेवटी मी त्यांचा दंड धरला. "बसा हो! हाका आता. काय झालं तर मी आहे."

दिवाणजी म्हणजे शेठचाच शब्द. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी हाकली.

पेंढ्यात एक म्हातारी निजली होती. जीव वाचला, पाय गेला.

चौकीत फौजदारानं विचारलं, "उतरून बघितलंस?"

"न्हाय, साहेब."

"का?"

मामा खाली बघत राहिले. मी मागच्या बाकावरच होतो. बोललो तर गिरणीतून हाकलतील, एवढंच डोक्यात. मामांचा परवाना गेला. पुढे ते लोकांच्या शेतावर मजुरीला जात.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा कुठे मी तळ्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो. वाटभर एकच वाक्य घोकत होतो. मला पाहून ते भिंतीला धरून उठून बसले. "सूनबाय, दिवाणजी आलेत. चा टाक." मग त्यांनी हात जोडले. "माज्यामुळं तुमाला चौकीची पायरी चढाय लागली. माफी करा."

सून दारात ऐकत उभी होती.

"असू द्या, मामा," मी म्हणालो. "झालं ते झालं."

चहा पिऊन परतलो. दिवाळीआधीच ते गेले.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं: मामा, मी 'हाका' म्हटलं म्हणून तुम्ही हाकलीत, मला माफ करा.